आईच्या दगडावरची कोर

आईने जाताना मागणं एकच ठेवलं होतं. "माझ्या थडग्याच्या दगडावर नाव घाला आणि एक चंद्रकोर काढा. बाकी शब्दांचा पसारा नको." धाकट्या लेकीने मान डोलावली. का, हे विचारायचं मात्र राहून गेलं, आणि पुढे त्या एका प्रश्नाने तिला अगदी मेटाकुटीला आणलं.

धाकटी शहरातली बस चालवायची. ड्यूटी संपवून ती गणवेशातच पाथरवटाकडे गेली. सगळीकडे पांढरी धूळ, त्यात तोही पांढराफटक. कानावरची पेन्सिल काढत त्याने विचारलं, "कोर कोणत्या बाजूची?"

"बाजू कसली? कोर ती कोर."

"तसं नसतं ताई. पाठ उजवीकडे केली की वाढता चंद्र, डावीकडे केली की घटता. मागे एकाने दगड परत आणून आदळला. म्हणे, आमच्या आजोबांना घटता चंद्र दिलात! एक बाई आल्या, त्यांच्या देशात म्हणे सगळं उलटंच दिसतं. होडीसारखी आडवीही काढतो मी. सोबत चांदणी हवी?"

"चांदणी नको. बाजूचं विचारून सांगते," असं म्हणून ती बाहेर पडली खरी, पण विचारायचं कुणाला? जिला ठाऊक होतं ती मातीखाली होती.

मावशीला विचारलं तर तिचा चेहरा उजळला. "अगं, आपल्या मातेच्या पायाखाली असते ना कोर, प्रार्थनाघरातल्या तसबिरीत! ताई शेवटपर्यंत आपलीच राहिली बघ." डेपोतल्या मेकॅनिकने ग्रीसचे हात पुसत सांगितलं, "आमच्या देवाच्या जटेत असते ती. काळाला डोक्यावर धरलंय, असा अर्थ." अर्थ ज्याच्या त्याच्या खिशात तयार होता.

थोरला भाऊ मात्र भडकला. तो कोर्टात कारकून. बोलणंही तसंच, कलमं लावल्यासारखं. "बाबांच्या प्रार्थनास्थळाच्या घुमटावर कोर आहे, विसरलीस? आईबाबांचे धर्म वेगळे. चाळीस वर्षं संसार केला, पण आईने ना आपला सोडला ना त्यांचा घेतला. दोन्हीकडच्यांची बोलणी खाल्ली. आता दगडावर कोर काढली की लोक म्हणणार, शेवटी नवऱ्याच्या बाजूला गेली. तोंडं धरशील त्यांची?"

"लोकांचं काय घेऊन बसलास दादा? तिने सांगितलंय."

"कशासाठी सांगितलंय ते सांग, मग मी गप्प."

इथेच गाडी अडायची. धाकटीने आईचं कपाट उलथंपालथं केलं, फोटो चाळले, आईच्या मैत्रिणींच्या घरी चकरा मारल्या. कुठे कोरीचं नखही सापडेना. बसच्या स्टिअरिंगवर तिचे हात आवळायला लागले. सिग्नलला पुढची गाडी जराशी रेंगाळली तरी ती हॉर्नवर तुटून पडायची.

शेवटी तिने पाथरवटाला सांगून टाकलं, "वाढता काढा. जे व्हायचं ते होऊ दे." छिन्नीचे पहिले घाव पडले आणि दारात थोरला उभा. धाकटीने वहिनीला सांगितलं होतं, तिच्याकडून त्याला कळलं.

"थांबवा ते!"

"का थांबवायचं?" धाकटीचा आवाज चढला. "तुला कारण हवंय ना? नाही माझ्याकडे! मला विचारायचं सुचलं नाही! तू का नाही विचारलंस?"

पाथरवटाने हात थांबवला.

"विचारलं होतं," थोरला खाली बघत म्हणाला. "मलाही सांगितलं होतं तिने. मी विचारलं, कोरच का? तर म्हणाली, मला आवडते."

"आणि?"

"आणि काही नाही. एवढंच."

"एवढंच? मी दारोदार फिरत होते आणि तू..." हाताला लागलेली पाण्याची बाटली तिने भिंतीवर भिरकावली.

"मला खरं वाटेना गं. माणूस नुसत्या आवडीसाठी एवढं मागतं का? वाटलं, बाबांचं काहीतरी असणार, माझ्यापासून लपवतेय."

थोरल्याने पुढे अडवलं नाही, दगड तयार झाला. पण दफनभूमीच्या व्यवस्थापकाने चष्म्यावरून बघत तो फाटकातच अडवला. "या विभागात हे चिन्ह चालत नाही. पलीकडच्या विभागाचं आहे ते."

"तिला आवडायची, म्हणून काढलीय," थोरला म्हणाला. कोर्टात उभा असल्यासारखा ताठ.

"आवड हे कारण होत नाही. फूल काढा, फुलपाखरू काढा, फुटबॉलसुद्धा आहे एकाच्या दगडावर. त्यांना अर्थ नसतो. याला आहे."

"कोणता?" धाकटीने विचारलं.

व्यवस्थापकाने शेजारच्या शिपायाला फाटक लावायची खूण केली.

थोरल्याने वरच्या कचेरीत अर्ज केला, तो फेटाळला गेला. पुन्हा केला. तोवर दगड ठेवायचा कुठे? थोरल्याचं घर चौथ्या मजल्यावर, म्हणून तो धाकटीच्या दुसऱ्या मजल्यावर न्यायचं ठरलं. दोघं भावंडं दोन टोकं धरून जिना चढत होती. "जरा वर घे." "तूच खाली घेतोयस!" पहिल्या वळणावर दगड कठड्याला घासला आणि थोरल्याने तो भिंतीला टेकवून पायरीवर बसकण मारली. धाप लागली होती, कॉलर घामाने भिजली होती.

"आईला आणखी काय काय आवडायचं गं?" त्याने विचारलं.

धाकटी शेजारच्या पायरीवर बसली. आठवू लागली, पण कोर सोडली तर आईची एकही आवड आठवेना, आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला.