करवंटीतलं मीठ

न्योमान रेंतानाने बाही कोपरापर्यंत सारली, टाकीत हात घातला आणि खेकड्याला पाठीकडून धरून बाहेर काढलं. सुपारीएवढा, हिरवागार प्राणी. त्याच्या नांगीला अजून पांढुरकं मांस चिकटलेलं होतं. टाकीतल्या पोवळ्याच्या फांद्या परवापर्यंत जांभळ्या होत्या. आज त्यांची हाडं उघडी पडली होती. न्योमानने खेकडा वाडग्यात टाकला.

पोवळं त्याच्या बायकोचं, सुकर्मीचं. तिने जन्मभर गावच्या समुद्रात पोवळी लावली आणि त्यातली एक फांदी घरच्या काचेच्या टाकीत वाढवली. ती गेल्यावर तिच्या हातचं जिवंत असं घरात एवढंच उरलं होतं. खेकडा मात्र सुनेने, लुहने आणलेला. टाकीत फुग्याफुग्यांचं शेवाळ माजलं होतं, ते हा खाईल म्हणाली. शेवाळ खाणारा पोवळ्याला सोडेल कशावरून, असं न्योमानने तेव्हाच विचारलं होतं.

काल न्येपी झाली, नव्या वर्षाचा मौनाचा दिवस; सुकर्मी गेल्यानंतरची पहिलीच. अख्ख्या बालीत चूल पेटली नाही, दिवा लागला नाही, कुणी कामाला हात लावला नाही. आज माणसं एकमेकांच्या घरी जाऊन वर्षभराची माफी मागत होती. लुह सकाळीच सासऱ्यापुढे हात जोडून बसली, तर त्याने पाठ फिरवली. आता ती पुन्हा आली.

"बापा, त्याला फेकू नका."

"का? अजून काय खायचं राहिलंय त्याचं?"

उपाशी खेकडा पोवळं कुरतडतो, हे लुहने नाकारलं नाही. पण कोपऱ्यातले शेवाळाचे फुगे तिने बोटाने दाखवले. निम्मे अजून तसेच होते. पुढ्यात ताट असताना चोरी कोण करेल, असं तिचं म्हणणं.

"मेलेलं खाल्लंय त्याने. मारलेलं नाही."

"मग मारलं कुणी?"

भिंतीवरच्या मेन स्विचकडे तिची नजर गेली आणि परत आली. न्येपीच्या पहाटे तो खाली ओढायचा, हा न्योमानचा शिरस्ता. शेजारी फ्रिज तरी चालू ठेवत. हा तेवढंही नाही. टाकीच्या मोटरीपुरती वीज राहू द्या, पाणी हललं नाही तर पोवळं गुदमरेल, असं लुह परवा सांगायला आली होती. व्रत म्हणजे व्रत, म्हणून त्याने तिला वाटेला लावलं होतं.

"तुझी सासू होती तेव्हाही मी दरवर्षी बंदच करायचो. कधी काही झालं नाही."

"तेव्हा सासूबाई दिवसभर टाकीपाशीच बसायच्या ना?"

"ध्यानाला बसायची."

ही त्याच्या अभिमानाची गोष्ट. दिवस नाही, रात्र नाही, सुकर्मी टाकीपुढून उठायची नाही. असं मौन पुरुषांनाही जमत नाही, हे तो गावभर सांगायचा. दुसऱ्या दिवशी मात्र तिचा उजवा हात वर होत नसे. एकदा तिने पाहुण्यांना डाव्या हाताने वाढलं, तेव्हा चारचौघांत तो तिला नको ते बोलला होता.

टाकीशेजारी खिळ्याला एक करवंटी टांगलेली होती. तीर्थाची असेल म्हणून त्याने तिला कधी हात लावला नव्हता. आज काढली. आतून पांढरी पुटं चढली होती. त्याने बोट फिरवून जिभेला लावलं. तीर्थ झऱ्याचं असतं. हे खारट होतं.

तो करवंटी धरून उभाच राहिला. शेजारच्या खोलीत तो मौन पाळत होता आणि इकडे ती अंधारात पाणी उपसून ओतत होती, आवाज होऊ नये अशा बेताने. त्याला सांगितलं असतं तर त्याने करवंटी हातातून काढून घेतली असती. हे ती ओळखून होती. आणि आज तो चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघाला होता.

दारात पाहुण्यांचे आवाज आले. न्योमानने खेकडा हलकेच पाण्यात सोडला. एका फांदीच्या टोकाशी नखाएवढं जांभळं अजून शिल्लक होतं. त्याने करवंटी बुडवली, भरली आणि त्या टोकावर सावकाश ओतली.

"बापा, मोटर चालू आहे आता."

"असू दे. पाहुण्यांना बसव." त्याने करवंटी पुन्हा बुडवली. "आधी तिची माफी मागतो. मग तुझी."