जास्तीचं एक न्हाई

मच्छिंद्राच्या हाती स्क्रूड्रायव्हर लागला की घरातली चालू वस्तू बंद पडते, हे प्रभावतीला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. कूलरचा आवाज कमी करायला गेला आणि कूलर कायमचा मुका करून आला. मिक्सरचं तर त्या घरात नाव काढायची सोय नव्हती. पण माणूस इतका निर्मळ, की बिघडलेल्या वस्तूशेजारी बसून सगळ्यात जास्त हळहळायचा तोच. औरंगाबादला कॉलेजात असताना एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीपायी त्याला लिनक्सचा, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या एका मोफत प्रणालीचा, नाद लागला. कुंभार पिंपळगावात परतल्यावर हा नाद वाटून घ्यायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तो सगळाच्या सगळा बायकोच्या वाट्याला आला.

बायकोने तो घेतलाही. प्रभावती परतूरची, बी.एस्सी. झालेली. सासरी भाकऱ्या थापता थापता तिने मनात एक क्लास उभा केला होता, फक्त मुलींचा. गावातल्या मुलींना कॉम्प्युटर शिकायचा तर अंबड नाही तर जालना गाठावं लागे, आणि रोज एसटीने पोरगी पाठवायला एकही घर तयार नव्हतं. घरात मच्छिंद्राचं एक मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, होतंच; त्याच्यासाठी तिने सासऱ्यांकडे पुढची खोली मागितली. सर्जेरावांनी दिली, पण त्यांच्या पद्धतीने. बाजाराच्या दिवशी त्यांचे मित्र अप्पाराव आपल्या दोन लेकींना घालायचं का ते बघायला येणार होते. अप्पारावांनी घातल्या की बाकीची आळी आपोआप मागे येणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

"मशीन चालू दिसलं तर खोली तुझी," सर्जेराव म्हणाले. "न्हाई तर सरकीची पोती आणून टाकतो. म्हशीच्या तरी कामी येईल."

त्या खोलीसाठी प्रभावती वर्षभर गप्प बसायलाही तयार होती. तिला ओळखणाऱ्यांना ही किंमत केवढी आहे ते कळेल.

मशीन तसं उत्तम चालत होतं आणि मच्छिंद्राला नेमकं तेच बघवेना. बाजाराच्या आदल्या दिवशी त्याचे हात शिवशिवायला लागले. चालू व्हायला फार वेळ घेतं, अप्पारावांसमोर शोभणार नाही, आपण नवा कर्नल घालू, म्हणाला. कर्नल म्हणजे लिनक्सचा कारभारी. मशीन जागं झालं की आधी हा उठतो आणि मग बाकीच्यांना कामाला लावतो. जुना कारभारी जगातल्या झाडून सगळ्या यंत्रांची ओळख ठेवून होता, म्हणून जड. आपल्यापुरता हलका बांधला की बघ कसा पळतो. प्रभावतीने मोडता घालून पाहिला. पण नवरा इतक्या आर्जवाने बोलत होता की तिलाच वाईट वाटलं, आणि तिथेच घात झाला.

कर्नल बांधण्याआधी मशीन शेकडो प्रश्न विचारतं. अमुक हवं का, तमुक हवं का. मच्छिंद्र एकेक प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि प्रभावती गहू निवडता निवडता उत्तर द्यायची. हौशी लोकांचा रेडिओ? आपल्याकडे नाही, मग नको. टीव्ही कार्ड? नको. जॉयस्टिक म्हणजे काय, तिने विचारलं. खेळायचा दांडा असतो, म्हणाला. तो तर बिलकुल नको. बाजारात नवरा दिसेल ते पिशवीत टाकतो आणि बायको मागून एकेक काढून ठेवते, तसा प्रकार चालला होता. लग्न झाल्यापासून एका बैठकीत दोघांचं एवढं बोलणं कधी झालं नव्हतं. दोघंही रंगात आले. मग डिस्कवर फायली मांडायच्या रीती आल्या. त्या पाच-सहा निघाल्या. आपली कोणती, तिने विचारलं. पहिलीच असंल, असं मच्छिंद्र मोठ्या खात्रीने म्हणाला आणि उरलेल्या सगळ्यांना तिने एका दमात न्हाई म्हणून टाकलं.

दुपारभर खपून कर्नल बांधून झाला. लाईटनेही त्या दिवशी दया केली. मग या शहाण्याने काय करावं? नवा चालतो की नाही हे बघायच्या आधीच डिस्कवर जागा हवी म्हणून जुना पुसून टाकला. मशीन बंद करून चालू केलं. काळ्या पडद्यावर अक्षरं भराभरा धावली आणि खाली येऊन एका ओळीत जी अडकली ती अडकलीच. मशीनला धडकी भरली आहे, असं इंग्रजीत लिहून आलं होतं. मच्छिंद्राने पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. कितव्यांदा तरी मशीनला पाझर फुटेल अशी त्याला आशा होती.

बाजाराच्या दिवशी सकाळी त्याने मशीनचा डबा उघडला. आतली मेमरीची पट्टी काढून खोडरबराने पुसली, धूळ फुंकली, जांबला समर्थांच्या दर्शनाला जाईन असंही पुटपुटला. प्रभावती त्याच्या शेजारी बसून होती. तिला रडू येत होतं, आणि रडायला वेळ नाही म्हणून रागही येत होता. शेवटी तिने ती अडकलेली ओळ शांतपणे वाचली. डिस्क सापडते, पण उघडता येत नाही, असा तिचा अर्थ होता. तिने मशीनचा नाद सोडला आणि नवऱ्याला धरलं. उन्हाळ्यात मशीनवर लिनक्स बसवताना डिस्क मांडायची कोणती रीत घेतल्ती?

मच्छिंद्र विचारात पडला आणि मग त्याचा चेहरा उतरला. तवा नवीन निघाल्ती ती घेतल्ती, म्हणाला.

"आन् काल मला पहिली म्हणून सांगितलं."

"पण बाकीच्यांना न्हाई तर तूच म्हणलीस ना."

यावर जे भांडण झालं ते दोघांनी हात चालू ठेवून केलं. सीडीवरून मशीन उठवायचं, डिस्कमध्ये शिरायचं, त्या एका न्हाईचं हो करायचं आणि तेवढाच भाग पुन्हा बांधायचा. प्रभावती सांगत होती, मच्छिंद्र टाइप करत होता आणि मधून मधून तिच्या माहेराचा नि त्याच्या घराण्याचा उद्धार होत होता.

तेवढ्यात सर्जेराव अप्पारावांना घेऊन आत आले. पडद्यावर अक्षरं धावत होती. हे काय चाललंय, असं सर्जेरावांनी विचारताच मच्छिंद्राने जरा सर्व्हिसिंग करून राह्यलो, असं सांगितलं. ते खोटं ऐकून प्रभावतीचं तोंड कडू झालं. खोटं बोलून मिळवलेल्या खोलीत पोरींना काय शिकवणार होती ती?

"मामा, मशीन बंद पडलंय," ती म्हणाली. "काल ह्यांनी एकेक गोष्ट मला इचारली. मी न्हाई न्हाई म्हणत गेले, त्यात एक न्हाई जास्तीचं झालं."

सर्जेराव आधी लेकाकडे बघत राहिले आणि मग हसले. बायकोला इचारून मशीन चालवतोस व्हय रे, म्हणाले. अप्पारावही हसले. मच्छिंद्राने मान खाली घालून बटणं बडवणं चालू ठेवलं. मंग आजच पोती मागवतो, असं म्हणत सर्जेराव वळले, तर दारात चहाचं ताट घेऊन गोजरबाई, त्यांची बायको, उभी होती. पाहुण्यांसमोर ही बाई कधी तोंड उघडत नसे.

"एकेक इचारलं?" तिने सुनेला विचारलं.

"एकेक, मामी."

गोजरबाईने ताट खाली ठेवलं. "मला ह्या घरात येऊन किती वर्सं झाली. म्हशी घेतल्या, वावर घेतलं, पोराचं लगीन ठरवलं," ती म्हणाली. "मला कोन्ही काईच इचारलं न्हाई."

ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर सर्जेरावांनी उत्तर दिलं असतं. अप्पारावांनी कप उचलला आणि फुंकर मारत त्यातच बघत राहिले, बहुधा त्यांना आपलं घर आठवलं असावं. मागे मच्छिंद्राने मशीन पुन्हा चालू केलं होतं. अक्षरं धावली, खालपर्यंत आली, कुठेही न अडकता थांबली आणि मशीन चालू होऊन नाव विचारू लागलं. खोलीचा निकाल लागला होता, पण तिकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

सर्जेरावांनी घसा खाकरला. टोपी काढली, पुन्हा घातली. "मंग तूच सांग," ते भिंतीकडे बघत बायकोला म्हणाले. "ह्या खोलीत सरकी भरायची का पोरी बसवायच्या?"

"आन्खी एकदा इचारा."

सर्जेरावांनी पुन्हा विचारलं, या वेळी तिच्याकडे बघून.

"पोरी बसू द्या," गोजरबाई म्हणाली आणि पदर सावरून उंबऱ्यावर ऐसपैस बसली. "आता पुढचं इचारा."