कुरणात रोवलेला दांडा

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे. हसू नका. दांडा म्हटलं की तुम्हाला कुऱ्हाडीचा नाहीतर झेंड्याचा आठवतो. मी त्यातला नाही. दोन माणसं एकावर एक उभी राहिली तर जेवढी होतील तेवढा मी उंच आहे. चिखलात रुतू नये म्हणून माझ्या खालच्या टोकाला लाकडाची जाड चकती बसवली आहे. आमच्या फ्रिझलँडमध्ये, म्हणजे युरोपातल्या समुद्रकाठच्या सखल मुलखात, कुरणांच्या मधून पाण्याचे चर गेलेले असतात, आणि दरवेळी पूल शोधत कोण फिरणार? माणूस धावत येतो, मला चराच्या मध्यावर टेकवतो, मला धरून झोका घेतो आणि पलीकडे उतरतो. लोकांना पलीकडे पोचवायचं आणि आपण ओलं व्हायचं, हेच माझं काम.

गावच्या सुताराने मला रोमर्टसाठी घडवलं. तेव्हा रोमर्टचं लग्नही झालं नव्हतं. त्या काळी वसंतात कुरणातल्या पाखरांची अंडी शोधायची रीत होती, आणि वर्षातलं पहिलं अंडं ज्याला सापडे त्याचा गावात मोठा मान असे. पुढे अंडी उचलायला बंदी आली. रोमर्ट कितीतरी दिवस घुश्श्यात होता. मग त्याची बायको फेन्ना एक कॅमेरा घेऊन आली.

"तू घरटं शोध, मी फोटो काढते," ती म्हणाली.

"फोटो खाता येत नाही," रोमर्ट म्हणाला.

"एवढी वर्षं उपाशी ठेवलंय का तुला? ऊठ, चल."

तेव्हापासून ते दोघे मला घेऊन भटकू लागले. आधी रोमर्ट उडी मारायचा, मग मला तिच्याकडे परत फेकायचा. पाखराच्या मनातलं त्याला कळायचं आणि फेन्नाजवळ धीर होता. ओल्या गवतात ती इतका वेळ पालथी पडून राहायची की गाई येऊन तिची टोपी हुंगायच्या. ससे, बगळे, खांबावर बसलेला ससाणा, सगळे तिने टिपले. तिचा एक फोटो गावाच्या दिनदर्शिकेत छापून आला. त्याच्या कोपऱ्यात माझं टोक दिसत होतं. लोकांनी पाखराचं कौतुक केलं, माझं कोणीच केलं नाही. मी ते मनाला लावून घेतलं नाही. म्हणजे, थोडंसं घेतलं.

गेल्या हिवाळ्यात फेन्ना वारली. आजार फार लांबला नाही.

त्यानंतर मी शेडच्या भिंतीला दोन खुंट्यांवर पडून होतो. अंग सुकलं, चिरा पडल्या. माझं ठीक आहे. मी लाकूड आहे, बधिर असणं मला शोभतं. पण रोमर्टही माझ्यासारखा झाला तेव्हा मला बरं वाटलं नाही. अंगणातल्या बाकावर तो कॉफी घेऊन बसायचा आणि ती प्यायला विसरायचा. कोणी आलं तर मान हलवायचा, गेलं तरी तशीच हलवायचा. घराबाहेर पडताना कॅमेरा सोबत घ्यायचा ही जुनी सवय, म्हणून तो गळ्यात अडकवायचा. पण त्याचं झाकण त्याने एकदाही काढलं नाही. मला न घेता तो डांबरी रस्त्याने जायचा आणि रस्त्यानेच परत यायचा.

मे महिन्यात ईपे आला. ईपे शेजारचा शेतकरी, रोमर्टचा शाळेपासूनचा दोस्त. दरवर्षी गवत कापण्याआधी रोमर्ट त्याच्या कुरणातली घरटी शोधून जवळ बांबूच्या कामट्या रोवायचा. ईपे तेवढा तुकडा सोडून यंत्र फिरवायचा.

"उद्या सकाळी मागचं कुरण कापतोय," ईपे म्हणाला. "घरटं आहे का?"

"नाही."

"बघून सांगतोयस, की इथे बसून?"

रोमर्टने कॉफीचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"अरे, तू नाही म्हणालास तर मी सरळ यंत्र घालणार. मग जी पिसं उडतील ती तुझ्या नावावर."

"दुसऱ्या कोणाला तरी सांग."

"दुसऱ्या कोणाला ती दिसत नाहीत, तुला माहितीये. आणि हा कॅमेरा काय शोभेला अडकवलायस? थंडीनंतर एक तरी फोटो काढलास?"

"आतला शेवटचा फोटो तिने काढलेला आहे," रोमर्ट म्हणाला. "मी एक काढला की तो शेवटचा राहणार नाही."

ईपेने टोपी काढली, परत घातली. "ते मला समजत नाही," तो म्हणाला. "मला गवत समजतं. उद्या सकाळी." आणि तो निघून गेला.

दुपारी रोमर्टने मला खुंटीवरून उतरवलं. त्याच्या हातांत पकड नव्हती. उडी तोकडी पडली आणि त्याचा एक बूट पाण्यात गेला. त्याने तो झटकलासुद्धा नाही. मला खांद्यावर टाकून तो कुरणात फिरू लागला. वर एक पाणटिवळा घिरट्या घालत कलकलाट करत होता. लांब सरळ चोचीचं, तांबूस मानेचं हे पाखरू असं ओरडतं तेव्हा त्याची मादी जवळच अंड्यांवर बसलेली असते. पूर्वी हा आवाज आला की रोमर्ट जागीच थांबायचा. त्या दिवशी त्याने वर पाहिलंच नाही. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

घरटं त्याला सापडलं ते त्यावर पाय पडता पडता. मादी डोक्यावर गवताची पाती ओढून बसली होती. ती हलली नाही.

"आहे तर," रोमर्ट म्हणाला. त्याच्या आवाजात काहीच नव्हतं.

त्याने खिशात हात घातला. कामट्या घरीच राहिल्या होत्या. जाऊन आणाव्यात, तर एवढ्या हिरव्या गवतात हीच जागा पुन्हा सापडेल याची त्याला खात्री वाटेना. तो काही पावलं बाजूला गेला आणि मला उलटं करून, सगळा भार टाकून त्याने माझं बिनचकतीचं टोक जमिनीत रोवलं. मग चालत चराच्या काठाशी आला आणि तिथे बसला. दांड्याशिवाय पलीकडे जाता येत नाही, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

संध्याकाळ व्हायच्या आत ईपे त्याला शोधत आला.

"दांडा कुठाय?"

"तिथे."

ईपेने माझ्याकडे पाहिलं. "मग तू घरी कसा येणार होतास?"

"विचार केला नव्हता."

ईपेने चरावर फळी टाकली आणि त्याला घरी नेलं.

सकाळी यंत्र आलं. जमीन हादरली, माझ्या चिराही हादरल्या. मादी गवताला चिकटून बसून राहिली. ईपेने आम्हाला मोठा वळसा घातला आणि सगळं कुरण कापलं. मधे उंच गवताचा एक तुकडा उरला. त्यात ती, आणि मी.

काम संपल्यावर त्याने रोमर्टला बोलावून आणलं. "एवढा तुकडा सोडलाय मी, लोकांना दाखवायला नको?" असं म्हणत त्याने रोमर्टच्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला. रोमर्टने तोही घेऊ दिला. ईपे धपाधप पावलं टाकत आमच्याकडे येऊ लागला. मादीने मान वर केली.

"मागे हो!" रोमर्ट ओरडला. "मान वर केलीय तिने, दिसत नाही? उडाली तर अंडी गार पडतील, बैला!"

ईपे थबकला. तिथूनच त्याने बटण दाबलं आणि कॅमेरा परत दिला. रोमर्टने फोटो पाहिला.

"हे काय आहे?"

"पाखरू."

"हा ट्रॅक्टरचा टायर आहे! वर नुसतं आभाळ!"

"असेल तिथेच कुठेतरी ती."

रोमर्टचा चेहरा लाल झाला. हिवाळ्यापासून तो पहिल्यांदाच कशावर तरी चिडला होता. "तिच्या फोटोनंतर हा? हा शेवटचा म्हणून ठेवू मी?"

"मग काढ की चांगला," ईपे म्हणाला. "मी काय तुझे हात बांधलेत?"

रोमर्ट लांबवर, कापलेल्या गवतात पालथा पडला. मादीची मान खाली जाईपर्यंत तो थांबला. मग टिक असा बारीक आवाज आला. मग पुन्हा एकदा. मग त्याने कॅमेरा बाजूला ठेवला, तोंड गवतात खुपसलं आणि तो मोठ्याने रडू लागला. ईपे ट्रॅक्टरकडे तोंड करून उभा राहिला. रोमर्ट उठेपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही.

ईपेने तो फोटो मुद्दाम बिघडवला का, ते मला सांगता येणार नाही. त्याला फोटो काढता येत नाही एवढं मात्र खरं. मी अजून इथेच उभा आहे. पिल्लं निघून गेली की रोमर्ट मला घ्यायला येईल.

मित्रांनो, पाखरांचे फोटो जरूर काढा, पण लांबूनच काढा. आणि तुमच्या ओळखीचं कोणी माझ्यासारखं लाकूड झालं असेल, तर त्याची कीव करत दारात उभे राहू नका. त्याला जे काम येतं ते त्याच्याकडे मागा. नाही म्हणाला, तर त्याच्याशी भांडा.