सेहेचाळिसावी मुलगी

“पोरं संपली तरी हिचं ‘थांबा’ काही संपत नाही!”

स्कूटरवरची आई पुटपुटली ती शेजारच्या स्कूटरवरच्या आईसाठी. पण तेवीस वर्षं बसमध्ये कंडक्टर असलेल्या बाईला मागच्या सीटवरची कुजबुजसुद्धा ऐकू येते.

“संपली की सांगते हो ताई. तोवर गाडी पांढऱ्या पट्ट्यांवरून मागे घ्या.”

“अहो, दोनच मिनिटं उभी आहे!”

“सगळ्यांची दोनच असतात. माझी मात्र त्यातच दुपार जाते.”

निवृत्तीनंतर घरी बसून भिंतींशी गप्पा मारण्यापेक्षा बरं, म्हणून त्यांनी हे काम धरलं होतं. शाळा भरताना आणि सुटताना रस्त्याच्या मधोमध उभं राहायचं, ‘थांबा’ लिहिलेली गोल फळी वर धरायची, पोरं पलीकडे घालवायची. त्या फळीवरूनच त्यांचं नाव थांबाबाई पडलं होतं. खरं नाव पेन्शनच्या कागदावर उरलं होतं.

दुपारी एक अडचण असायची. फाटकासमोर पट्ट्यांवरच दोन्ही बाजूंना गाड्या लागायच्या, त्यामुळे शाळेकडचा पदपथ थांबाबाईंना दिसायचाच नाही. म्हणून तिथे पिवळा पट्टा घालून सहावीतली एक मुलगी उभी केली होती. शेवटचं पोर गेलं की तिने ओरडायचं, “कुणी नाही!” मग थांबाबाई फळी खाली करायच्या, पाठ फिरवायच्या आणि पलीकडच्या वह्या-पेनांच्या दुकानात फळी ठेवायला निघायच्या. ही मुलगी म्हणजे त्यांचीच सख्खी नात. तिला सगळे भोंगा म्हणत. तिने घरात ‘पाणी दे’ म्हटलं की शेजारचेही पेला भरायचे.

सगळं सुरळीत होतं. फक्त एक गोष्ट सोडून.

डोकी मोजायची जुनी खोड काही गेली नव्हती. या बाजूने जाणारी पोरं, भोंगा सोडून, सकाळी सेहेचाळीस यायची. दुपारी जायची पंचेचाळीस.

पहिल्या दिवशी वाटलं, आपलंच चुकलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, वय झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी शाळेत जाऊन पाहिलं. वर्ग रिकामे, बाकांवर खुर्च्या उलट्या टाकलेल्या, फळ्यावर अर्धवट पुसलेली बेरीज. पहारेकरी म्हणाला, “सगळी गेली की बाई.” आठ दिवस झाले. रोज सेहेचाळीस आत, पंचेचाळीस बाहेर. जणू ती इमारत रोज एक पोर गिळत होती आणि सकाळी मुकाट्याने परत देत होती! कुणाला सांगावं, तर लोक हसतील. थांबाबाई गप्प राहिल्या.

आठव्या दुपारी भोंगा ओरडली, “कुणी नाही!” फळी खाली आली. थांबाबाईंनी पाठ फिरवली, आणि मागे ब्रेक किंचाळला.

वळून पाहिलं तर बेकरीची व्हॅन तिरकी उभी. तिच्यासमोर रस्त्यावर एक निळी पाण्याची बाटली गडगडत होती. बाकी काही नाही.

“कोण होतं?”

“कुणी नाही,” व्हॅनवाले म्हणाले. त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा होता.

“कुणी नाही,” स्कूटरवरच्या दोघी म्हणाल्या आणि स्कूटर सुरू करून निघूनही गेल्या.

“कुणी नाही, आजी,” भोंगा म्हणाली. हळूच.

चारही तोंडांत तेच दोन शब्द. थांबाबाईंच्या अंगावर भर दुपारी काटा आला. त्यांनी बाटली उचलली. हाताळून हाताळून ती कोमट झाली होती. नावाची चिठ्ठी नखांनी खरवडून काढलेली होती.

त्या तशाच मुख्याध्यापिकांकडे गेल्या. टेबलामागच्या भिंतीवर पाटी होती: ‘अपघाताविना ४१२ दिवस.’

“कुणाला लागलं का?” मुख्याध्यापिकांनी विचारलं. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांना प्रत्येक गोष्टीला एक रकाना लागायचा.

“लागलं नाही. पण रोज एक पोर कमी भरतंय.”

“हजेरीत सगळी आहेत. कुणी छळतंय का एखाद्याला? आपलं धोरण आहे, अर्ज आहे. हे बघा : मारहाण, शिवीगाळ, वस्तू हिसकावणं, धमकी. कशावर खूण करू?”

थांबाबाईंनी चारही रकाने पाहिले. बाटली एकाही रकान्यात बसेना.

बाहेर व्हॅनवाले अजून थांबलेले होते.

“बाई, मघाशी खोटं बोललो. लायसन्स जाईल म्हणून घाबरलो. एक मुलगी होती. तुम्ही फळी खाली केल्यावर ती गाड्यांच्या फटीतून निघाली आणि पलीकडच्या गाड्यांआड गेली. रोज तशीच निघते. इतर पोरांबरोबर येत नाही.”

“मग भोंगा ‘कुणी नाही’ का म्हणते?”

“ते पोरांना विचारा. पण सांगू? आज मला गाडीपेक्षा तिचीच भीती वाटली. मी हॉर्न दिला, तरी तिने मान वळवली नाही. आपल्यासाठी कुणी हॉर्न वाजवेल, हे त्या पोरीला खरंच वाटत नव्हतं! बरोबरीच्या पोरांत जिच्याकडे कुणी बघत नाही, ती रस्त्यावर कुणाला दिसणार हो? आणि आपण मोठी माणसं! पट्टे आखतो आणि त्यावरच गाड्या लावतो. पोरांनी हे कुठून उचललं असेल?”

तेव्हा थांबाबाईंना आठवलं. सकाळी पोरांच्या रांगेत मधेच एक मोकळी जागा चालत यायची, पुढे हातभर आणि मागे हातभर. त्या जागेच्या मधोमध एक मुलगी असायची. आपणही तिला रोज मोजलं होतं. पण तिचा चेहरा? कितीही ताण दिला तरी चेहरा आठवेना.

संध्याकाळी जेवताना त्यांनी ती निळी बाटली भोंगाच्या ताटासमोर ठेवली. भोंगाला मीठ हवं होतं. तिचा हात बाटलीला वळसा घालून गेला, वळसा घालून परत आला. नजर बाटलीवर एकदाही पडली नाही. इतका सराईत वळसा! थांबाबाईंचा घास तोंडातच राहिला.

“ती बाटली इकडे दे गं.”

“कुठली?”

“तुझ्या नाकासमोरची. निळी.”

“मला नाही दिसत.” एरवी तीन घरांपर्यंत ऐकू जाणारा आवाज आज ताटाबाहेरही आला नाही. आणि मग ती रडायला लागली.

“आजी, बघायचं नसतं. जो बघेल, त्याचा पुढचा नंबर.”

“कुणी ठरवलं हे?”

“कुणीच नाही. सगळ्यांनी.”

“ती काही म्हणत नाही?”

“आधी हाका मारायची. आता नाही मारत.”

“नाव काय तिचं?”

भोंगाने तोंड उघडलं. उघडंच राहिलं. तिने आजीकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत खरी भीती उतरली.

“आजी... मला आठवतच नाही!”

थांबाबाईंनी तिला जवळ घेतलं. ओरडायला त्यांचं तोंड तरी कुठे होतं? आठ दिवस एक पोर कमी भरत होतं, आणि त्या स्वतःही लोक हसतील म्हणून गप्पच होत्या.

“उद्या मी तुला काही सांगणार नाही,” त्या एवढंच म्हणाल्या. “मी फळी धरून उभी राहीन. बस्स.”

दुसऱ्या दुपारी पंचेचाळीस पोरं गेली. फळी वरच राहिली.

“कुणी राहिलंय का?” थांबाबाईंनी हाक दिली.

भोंगा पिवळा पट्टा मुठीत आवळून उभी होती. एक हॉर्न वाजला, मग दहा. “अहो, संपली ना पोरं!” स्कूटरवरची आई ओरडली. पलीकडे गेलेली पोरंही घरी न जाता थबकली. गोंगाट ऐकून मुख्याध्यापिका फाटकाबाहेर आल्या.

“काय चाललंय थांबाबाई?”

“बाई, पट्ट्यांवरची ती पांढरी गाडी काढायला सांगा. मला तिच्या आडचं दिसत नाही.”

मुख्याध्यापिकांचा चेहरा उतरला. “ती माझीच आहे. दोनच मिनिटं...” त्या बोलता बोलता अडखळल्या, आणि निमूटपणे गाडीत जाऊन बसल्या.

मंडळी, छळ म्हणजे नुसता मार आणि शिव्या नव्हेत. ज्याला सगळ्यांनी मिळून ‘नाही’ ठरवलं, त्याच्या अंगावर वळ दिसत नाहीत, म्हणून आपलं फावतं. आणि शाळेपुढचे पांढरे पट्टे म्हणजे नुसता रंग नव्हे. इथे एक लेकरू आहे, ते आम्हांला दिसतंय, असा आपण सगळ्यांनी दिलेला तो शब्द आहे. दोन मिनिटांसाठी मोडलेला शब्दही मोडलेलाच असतो!

पांढरी गाडी मागे सरकली. तिच्या आडून आधी बूट दिसले, मग घट्ट धरलेलं दप्तर, मग एक मुलगी. ती अशी उभी होती, जसं आरशात कुणीतरी उभं असतं. आवाज नाही, हालचाल नाही. हॉर्न एकेक करून बंद पडले. मुख्याध्यापिका काच खाली करून तिच्याकडे पाहत राहिल्या. पलीकडच्या पंचेचाळीस पोरांनी मात्र एकदम माना वळवल्या, कुणी आभाळाकडे, कुणी बुटांकडे.

थांबाबाईंचा हात भरून आला होता. फळी हलली, जरा खाली आली.

“नको!”

तो आवाज भिंतींवर आपटून परत आला. भोंगाने अंगावरचा पट्टा काढला, त्या मुलीशेजारी जाऊन उभी राहिली आणि तिचा हात धरला.

“आजी, फळी खाली करू नकोस! एक आहे अजून. रोज होती. मला रोज दिसत होती!”