शनीच्या कड्यातला पंखा

पंचवटीतल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत उपेंद्र लोकांचा शनी शांत करायचा आणि मागच्या खोलीत त्याची थोरली बहीण इंदिरा तोच शनी उकरत बसायची. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात तीस वर्षं मीटरच्या काट्यांवर नजर ठेवून ती निवृत्त झाली होती, पण नजर काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. शनीभोवती तेरा वर्षं फिरून शेवटी त्याच्यातच जळून गेलेल्या कॅसिनी यानाचे लाखो फोटो सगळ्यांना खुले आहेत, हे कळल्यापासून ती संगणकासमोरून जेवायलाच तेवढी उठायची.

एका फोटोत तिला कड्यावर दोन बारीक पांढरे ओरखडे दिसले. पंख्याच्या दोन पात्यांसारखे, एक जरा पुढे, एक जरा मागे. मधे एखादा बर्फाचा गोळा असतो. तो स्वतः दिसत नाही, पण भोवतालचा चुरा असा ढवळून ठेवतो. असे पंखे आधीही सापडले होते, पण हा कुठल्याच यादीत नव्हता. तिने परदेशातल्या एका संशोधक बाईंना कळवलं. उत्तर सभ्य होतं: एका फोटोवर भरवसा नाही, कॅमेऱ्यावर भरकटलेला कण आदळला तरी असा ओरखडा उठतो. पुढच्या दिवसांतल्या एखाद्या फोटोत हाच दाखवा, मग बोलू.

इंदिराने गणित मांडलं, तो फोटोत नेमका कुठे यायला हवा ते काढलं आणि तीन आठवडे तिथे डोळे फोडले. तिथे काही नव्हतं.

अशात एका शनिवारी देवळ्याच्या मालनबाई आहेर आल्या. कांद्याची शेती, कांदा साठवायची चाळ, सोबत मुलगा धनराज. त्याला साडेसाती लागली होती आणि ठरलेलं लग्न तीनदा मोडलं होतं. उपेंद्रने त्याला पाटावर बसवलं आणि आईंची रवानगी आत केली. "ताई चहा देईल."

ताईने चहा दिला, खुर्ची दिली आणि पुन्हा फोटो पुढे-मागे करायला घेतले.

"काय बघता?" मालनबाईंनी विचारलं.

"शनी."

मालनबाईंचा हात नमस्काराला उठला आणि अर्ध्यात थांबला. "हे तर नांगरलेलं वावर दिसतंय."

"कडी आहेत त्याची. सगळा बर्फ. गोटे, चुरा."

"आन् ह्योच माझ्या पोराचं लगीन मोडतो?"

"दीडशे कोटी किलोमीटरवरून. सवड मिळाली तर."

मालनबाई हसल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "हारवलंय काय तुमचं?"

इंदिराने ओरखडा दाखवला. असा आणखी एक हवाय, म्हणाली. मग दोघी बघत बसल्या. पलीकडे उपेंद्रचे मंत्र चालू होते.

"मागं घ्या," मालनबाई म्हणाल्या. "आनखी एक मागं. ह्ये काय हाय?"

बोट फोटोच्या पार उजव्या कडेला होतं.

"तिथे नसणार. गणिताने तो मधे..." म्हणत इंदिराने ती कड मोठी केली. दोन पाती होती. एक पुढे, एक मागे. भोवतालच्या चुऱ्याचे धक्के खात तो गोळा गणिताच्या पुढे निघून गेला होता. तीन आठवड्यांत तिने त्या कडेकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला कसं दिसलं?"

"चाळीस वर्षं कांदं निवडते. सडका कुठं बसलाय ते तो आधी सांगत नाय."

आणि त्या उठून थेट पूजेत गेल्या. "महाराज, तुमच्या शनीत मी पंखा काढला."

उपेंद्रचा मंत्र घसरला. धनराज तीळ हातात धरून घाबरा झाला. "चांगलं का वाईट?"

उपेंद्रने ताईकडे पाहिलं, यजमानाकडे पाहिलं. "शुभ," तो म्हणाला.

"बर्फ आहे, उपेंद्र," इंदिरा दारातून म्हणाली.

"शुभ बर्फ," उपेंद्र म्हणाला आणि पुढचा मंत्र धरला.

दुपारीच इंदिरा संशोधक बाईंना लिहायला बसली. "मला दुसरा फोटो सापडला" असं लिहून ती त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिली. तिला स्वतःचीच लाज वाटली. ओळ खोडून तिने लिहिलं, मालनबाई आहेर, देवळा यांना सापडला.

अकरा दिवसांनी उत्तर आलं. पंखा खरा होता. दोघींची नावं नोंदवणार होते. फक्त श्रीमती आहेर कोणत्या संस्थेत काम करतात, ते हवं होतं.

इंदिराने फोन लावला. मालनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "लिवा, कांद्याच्या चाळीत."

इंदिराने तसंच लिहून घेतलं. "आणि धनराजचं?"

"आनखी एक मोडलं."

"अरेरे."

"शनीचा काय दोष नाय. पोरीनं इचारलं, घरातलं काय काय करता येतं तुला? ह्याला एक सांगता येईना." पलीकडून परातीचा आवाज आला. "आता बसवलाय भाकरी थापायला. पहिली दोन करपवली. थांबा, तिसरी बघते."