नाव घेतल्याची शेळी

त्या घरात पाण्याला पाणी म्हणायची सोय नव्हती. पाण्याला ‘गार’ म्हणायचं. अंघोळीला हवं असेल तर ‘तापवलेलं गार’. बाहेरून आलेल्या माणसाला यावर हसू फुटायचं, पण माभेलेंच्या चेहऱ्याकडे नजर गेली की ते जागच्या जागी विरायचं.

कारण साधं होतं. खोसा जमातीच्या घरात सुनेने सासऱ्याचं, आजेसासऱ्याचंही नाव घ्यायचं नाही, आणि त्या नावाच्या आसपास फिरकणारा शब्दही तोंडात आणायचा नाही. या घरच्या म्हाताऱ्याच्या नावात नेमकं पाणी होतं. दगडधोंडा असता तर सुनांचं निभून गेलं असतं. म्हातारा केव्हाच गुरांच्या गोठणाशेजारी मातीआड झाला होता. पण मेल्यामुळे सासरा सासरा राहत नाही, असं थोडंच आहे! माभेले ही त्याची सून, आणि झोलेका माभेलेंची. माभेलेंचे यजमानही गेलेले, झोलेकाचा नवरा म्झुकिसी दूर रुस्टेनबर्गच्या खाणीत. म्हणजे घरात माणसं दोनच, आणि तिसरं ते न घेतलेलं नाव.

झोलेका त्सोलो गावच्या शाळेत शिकवायची. तिला भाषाशास्त्रात एम.ए. करायचं होतं, आणि विषय ठरलेला होता: सुनांची ही वेगळी बोली. गेल्या साली विद्यापीठाने नकार दिला होता. यंदा शाळा तिला कायम करणार होती, आणि एकदा कायम झालं की काही वर्षं तरी हलायचं नाही, अशी अट होती. तेव्हा आता नाही तर मग नाहीच, हे ती ओळखून होती.

अर्जाबरोबर निबंध जोडायचा होता. त्यासाठी माभेले हिवाळाभर चुलीपाशी बसून बोलल्या. त्यांची अट एकच.

“ते नाव लिहायचं नाही. बोलायचं नाही. तुझ्या त्या मास्तरांनाही सांगायचं नाही.”

“देवाशपथ नाही सांगणार, आई.”

“देवाला कशाला मधे घालतेस? नुसतं नाही म्हण.”

“नाही.”

एकदा झोलेकाने सहज विचारलं, “आणि चुकून तोंडातून गेलं तर?”

“जात नाही,” माभेले म्हणाल्या आणि कोंबड्यांना दाणे टाकायला उठून गेल्या. कोंबड्यांना दाणे मघाशीच टाकून झाले होते. पण झोलेकाच्या ते ध्यानात आलं नाही. तिने निबंधात लिहून टाकलं की, चूक झाल्यास शिक्षेची प्रथा आढळत नाही.

मुलाखत फोनवर होती, दुपारची. फोनचा कानाशी धरायचा भाग बिघडलेला, त्यामुळे स्पीकरवरच बोलावं लागायचं आणि पलीकडचं बोलणं घरभर ऐकू यायचं. झोलेकाने फोन पिठाच्या डब्यावर ठेवला. माभेले दाराशी भोपळा चिरत बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, आणि त्यांना उठा म्हणायची झोलेकाची छाती झाली नाही.

पलीकडे विद्यापीठातले दोघं होते. विभागाच्या प्रमुख न्तांतिसोबाई नमस्कार करून गप्प झाल्या. बोलत होते ते प्राध्यापक सोंडलो.

“निबंध चांगला आहे,” ते म्हणाले. “पण तुमचं म्हणणं असं की, हे सगळे शब्द एका नावामुळे टाळले जातात. आणि नावाच्या जागी नुसती रेघ! नावच नसेल तर आम्ही पडताळायचं कशाशी?”

“सर, ते मला सांगता येणार नाही.”

“इथलं बाहेर जात नाही.”

“तरीही, सर.”

“झोलेका, तुम्ही आमच्याकडे अभ्यासक म्हणून येताय की सून म्हणून?”

हा प्रश्न त्यांना स्वतःलाच फार आवडला असावा. दाराकडे सुरीचा आवाज थांबला होता.

“मी शब्द दिलाय, सर,” ती म्हणाली. “नाव नाही घेणार.”

“मग पुढे बोलण्यासारखं फारसं उरत नाही.”

दोन वर्षं झोलेकाने या एका दाराची वाट पाहिली होती आणि ते आता तिनेच, स्वतःच्या हाताने लोटलं होतं. निदान आभार तरी मानावेत म्हणून ती फोनकडे वाकली. तेवढ्यात माभेले उठल्या. हात कमरेच्या फडक्याला पुसले आणि पिठाच्या डब्यासमोर, जणू पाहुणा डब्यातच बसलाय अशा, गुडघे मोडून बसल्या.

“मी हिची सासू. माभेले. तुम्ही मागताय ते माझ्या सासऱ्याचं नाव आहे. ही घेणार नाही. मी घेते.”

“आई, नको!”

“तू गप्प बस.” मग त्या खाली मान घालून, कोणाला तरी हळूच हाक मारावी तसं म्हणाल्या, “मान्झेझुलू.”

आभाळाचं पाणी, असा त्या नावाचा अर्थ. चुलीतलं लाकूड तेवढं तडतडलं.

“आणि हिने लिहिलंय, शिक्षा नाही,” माभेले पुढे म्हणाल्या. “तिचा दोष नाही, मीच लपवलं. माझा थोरला झाला, तेव्हा मला ताप भरला होता. शुद्ध नव्हती. मी पाणी मागितलं. माहेरी मागायचे तसं, पाणी म्हणून. सासरे बाहेर बसले होते, त्यांनी ऐकलं. जरा उभी राहायला लागल्यावर पोर पाठीला बांधून मला माहेरी धाडलं, दंडाची शेळी आणायला. त्सित्सा नदी ओलांडून एकटी गेले, एकटी आले. येईपर्यंत माझं दूध आटलं.”

त्यांनी फोन डब्याच्या कडेवरून मध्ये सरकवला.

“मग सासऱ्यांनी ती शेळी कापली नाही. रोज सकाळी स्वतः धार काढायचे आणि भांडं माझ्या दारात ठेवून जायचे. पोर पायावर उभं राहीपर्यंत. कधी एक शब्द बोलले नाहीत. हेही लिहा. नुसती शिक्षा लिहू नका.”

ते पोर म्हणजे म्झुकिसी, आपला नवरा, हे झोलेकाला क्षणभराने उमगलं.

मग न्तांतिसोबाईंचा आवाज आला. “आई, नाव मी ऐकलं. लिहून घेतलेलं नाही. सरही लिहिणार नाहीत.”

“नाही लिहिणार,” सोंडलो खाकरून म्हणाले.

“आणि झोलेका, शिक्षेचं ते वाक्य बदलून पाठव. फेब्रुवारीत वर्ग सुरू होतात. राहायची खोली आत्तापासूनच शोध, मागून मिळत नाही.”

फोन बंद झाल्यावर झोलेका सासूच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. माभेलेंनी तिच्या पाठीवर हात फिरवला, मग म्हणाल्या, “ऊठ. भोपळा तसाच पडलाय.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच माभेले खांद्यावर घोंगडी घेऊन, डोक्याला नवं फडकं बांधून दाराबाहेर उभ्या.

“कुठे निघालात?”

“माहेरी. शेळी आणायला.”

“आई, आता दंड मागणारं कोण उरलंय?”

माभेलेंनी गोठणाकडे पाहिलं. “मागणारा आहे तिथेच आहे.”

“अहो, पण माहेरी तरी कोण आहे?”

“भाचा आहे. मेला कवडीचुंबक आहे, पण शेळ्या आहेत त्याच्याकडे.”

“नाव माझ्यापायी घेतलंत. शेळी माझ्या माहेरची यायला हवी.”

“नाव जिच्या तोंडून जातं, शेळी तिच्या माहेरची. एवढा निबंध लिहिलास आणि हे ठाऊक नाही?”

झोलेका आत धावली, शाळेला निरोप धाडला, बाटली भरून घेतली. दोघी घरामागच्या वाटेने निघाल्या. सुनांनी गोठणासमोरचं अंगण ओलांडायचं नसतं. त्सित्सावर आता पूल आहे. पुलाच्या अलीकडे एका खडकापाशी माभेले थांबल्या आणि टेकल्या. त्यांना धाप लागली होती.

“आई, गार घ्या,” झोलेकाने बाटली पुढे केली.

माभेले घोट घोट प्यायल्या. “त्या खेपेला इथेच बसले होते,” त्या नदीकडे बघत म्हणाल्या. “पोर रडत होतं. समोर एवढी नदी, आणि वाकून ओंजळ भरायची ताकद नव्हती. वाटायचं, कोणी तरी बरोबर असतं तर.”

झोलेका त्यांच्याशेजारी खाली बसली. मग तिने विचारलं, “हेही लिहू का, आई?”

माभेलेंनी बाटलीचं झाकण घट्ट लावून ती तिच्या हातात दिली.

“हे नको. हे आपल्या दोघींचं.”

मग तिच्या खांद्याचा आधार घेऊन त्या उठल्या, आणि दोघी पुलावर चढल्या.