पालकांसाठी लिमलेट

रोज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गुलाबाच्या फुलांखाली फुटबॉलचा एक शब्द येऊन पडतो. पाठवणारा माझा नवरा, कौस्तुभ शिगवण. आज काय, तर 'क्लीन शीट': अख्ख्या सामन्यात एकही गोल न खाणे. उद्या 'नटमेग': समोरच्याच्या दोन पायांमधून चेंडू काढून नेणे. परवा 'फॉल्स नाइन': नावाला सगळ्यात पुढचा खेळाडू, पण खेळतो मागे येऊन. बिल्डिंगमधले बाप त्यावर भराभर अंगठे दाखवतात. यातल्या एकानेही उभ्या आयुष्यात चेंडूला लाथ मारलेली नाही. कौस्तुभने तर नाहीच. शाळेत खो-खोलासुद्धा त्याला कायम राखीव ठेवायचे, हे मला लग्नानंतर त्याच्याच आईने हसत हसत सांगितलं.

हे खूळ घरात आलं आमच्या इशितामुळे. म्हणजे दोष तिचा नाही. ती दहा वर्षांची असताना नवघरला आमच्या गल्लीच्या टोकाला, दोन बिल्डिंगींच्या मधल्या जागेत टर्फ झालं. टर्फ म्हणजे प्लास्टिकचं हिरवं गवत, आणि चारही बाजूंनी शिवाय डोक्यावरून नायलॉनची जाळी. कोंबड्यांच्या खुराड्याला मोठे दिवे लावले की कसं दिसेल, तसं. तिथे प्रितम सरांची अकॅडमी सुरू झाली. अकॅडमी बोर्डावर, आत दोन गोलपोस्ट आणि एक गळका कूलर. पण इशिताला तिथे खेळाचं वेड लागलं, आणि ते खरं वेड होतं. शाळेतून आली की दप्तर फेकून बूट शोधायची. चेंडू पायाशी आला की पोरीचा चेहराच बदलायचा. मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, तरी तेवढं दिसायचं.

मग जाळीबाहेर बापांच्या खुर्च्या लागल्या. ऑफिसमधून सुटून, घामेजलेल्या शर्टातच हे लोक येऊन बसायचे आणि अकलेचे तारे तोडायचे. "प्रेस! हाय प्रेस!" "थ्रू बॉल दे ना यार, थ्रू बॉल!" थ्रू बॉल म्हणजे समोरच्या दोघांच्या मधून, आपल्या पळणाऱ्या खेळाडूच्या पुढ्यात दिलेला पास. आत सगळी मिळून दहा पोरं, एकमेकांच्या पायावर पाय देत असलेली. त्यात थ्रू बॉल कुठून घालणार? "मॅन ऑन!" असंही ओरडायचे. त्याचा अर्थ, मागून तुझ्यावर कोणी येतंय, सांभाळ. आपल्या पोराला सावध करायला ओरडायचं असतं ते. आमचे बाप समोरच्या पोराला दचकवायला ओरडायचे आणि वर एकमेकांना टाळ्या द्यायचे.

कौस्तुभ सगळ्यांच्या पुढे, जाळीत दहाही बोटं अडकवून. "इशू, पुढे! गोलजवळ उभी राहा! पोचर हो, पोचर!" पोचर म्हणजे गोलच्या तोंडाशी टपून बसणारा. इशिता बापाचं ऐकणारी मुलगी. ती बिचारी समोरच्या गोलकीपरच्या पुढ्यात जाऊन उभी राहायची. जाळीला आपटून चेंडू परत आला की गोलमध्ये ढकलायची. असे ढिगाने गोल केले तिने. कौस्तुभ लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायचा, आमची इशू जन्मजात स्ट्रायकर आहे. वरच्या मजल्यावरच्या गुजराती काकूंना त्याने एकदा हॅटट्रिक समजावली. एका सामन्यात तीन गोल, एवढंच सांगायला त्याने चार मजले घेतले.

इशिता तेरा वर्षांची झाली आणि जिल्ह्याच्या चौदा वर्षांखालच्या मुलींच्या संघाची निवड चाचणी जाहीर झाली. राई गावाजवळच्या मोठ्या मैदानावर. रात्री मी पोळ्या लाटत असताना ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"मम्मी, यात माझं नाव आलं ना, तर मला मैदानावर खेळायला मिळेल. खऱ्या. जाळीत नाही."

तिला दुसरं काही नको होतं. नवे बूट नाही, कप नाही, फोटो नाही. मला एकदम भरून आलं, आणि बाहेर सोफ्यावर बसून मोबाइलवर छोट्या छोट्या पासांचा 'टिकी-टाका' वाचणाऱ्या माणसाची भीतीही वाटली.

मैदान खाडीच्या बाजूला होतं. खरी माती, चुन्याच्या पांढऱ्या रेषा, आणि रेषेपलीकडे काही नाही, नुसतं वारं. निवड करणाऱ्या बाई भोईर मॅडम. ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यांनी आधी पोरींना नाही, आम्हा पालकांना रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाच्या हातावर एक लिमलेटची गोळी ठेवली.

"तोंडात टाका. चघळायची, चावायची नाही. गोळी तोंडात, तर तोंड बंद. ज्या मुलीचा पालक ओरडेल ती मुलगी बाहेर. मग ती कितीही चांगली खेळो."

"ही काय बालवाडी आहे?" कौस्तुभ माझ्या कानात कुजबुजला.

"तुझ्यासाठी तेवढीच ठीक आहे," मी म्हटलं. त्याने गोळी तोंडात टाकली आणि गाल हुप्प करून उभा राहिला.

पोरींचे दोन संघ पाडून सामना सुरू झाला, आणि पहिल्याच मिनिटाला चेंडू रेषेबाहेर जायला लागला. बाकीच्या पोरी त्याच्यामागे धावल्या. आमची इशिता मात्र जागेवर थांबून वाट बघत राहिली, तो जाळीला आपटून परत येईल म्हणून. जाळी कुठे होती? चेंडू थेट गटाराकडे गेला. समोरच्या मुलीने तो आणला, डोक्यावर दोन्ही हातांनी धरला आणि आत फेकला. याला थ्रो-इन म्हणतात. कौस्तुभने महिन्यापूर्वीच ग्रुपवर टाकला होता तो, चित्रासकट. पण जिथे चेंडू बाहेर जाऊच शकत नाही, त्या खुराड्यात पोरीने तो करायचा कधी? प्रितम सरांनीही कधी बाहेर नेलं नाही. इशिताचे कान लाल झालेले मला लांबून दिसले.

मग ती सवयीप्रमाणे गोलकीपरसमोर जाऊन उभी राहिली. लांबून पास आला, तिने अलगद गोलमध्ये सरकवला आणि दोन्ही हात वर केले. रेषेवरच्या ताईंनी झेंडा वर केला. ऑफसाइड. गोल नाही. टर्फवर हा नियमच नव्हता. इशिताने इकडे तिकडे बघितलं. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. पुन्हा झेंडा. कौस्तुभचे गाल फुगले, मान हलायला लागली, पण गोळी तोंडात राहिली. मी त्याची बाही घट्ट धरून ठेवली होती.

इशिताच्याच संघात राईची सोनू नावाची मुलगी होती, मधल्या फळीत खेळणारी. दुसऱ्या झेंड्यानंतर ती आमच्या समोरच इशिताजवळ आली.

"अगं, मी बॉल मारीन तवा तुझ्या न् गोलच्या मधी त्यांच्या दोन पोरी हाव्यात. एक गोलकीपर हाय. अजून एक धर. तिच्या फुडं न्हाय जायाचं. तिच्या बरोबरीनं ऱ्हा, न् मी मारला का मंग पल."

झालं. तीन वर्षांत जे कोणी सांगितलं नाही, ते त्या पोरीने घाम पुसता पुसता सांगितलं. मलासुद्धा कळलं, म्हणजे बघा.

इशिता मागे आली. समोरच्या संघाच्या शेवटच्या मुलीच्या खांद्याला खांदा लावून थांबली. नजर सोनूच्या पायावर. तिचा चेहरा बदललेला मी बघितला. इतका वेळ ती कुणाचं तरी ऐकून खेळत होती, आता स्वतः बघून खेळत होती. सोनूने चेंडू थांबवला, मान वर केली, पाय मागे नेला.

माझ्या शेजारी कडाकडा आवाज झाला. गोळी फुटली होती.

"इशूऽऽ! पुढे! पोचर! झोपलीस काय? पुढे जा!"

आणि इशिता गेली. तीन वर्षांची सवय. त्या आवाजासरशी पाय आपोआप पुढे पडले, दोन पावलं. मग सोनूचा पाय चेंडूवर बसला. झेंडा वर. शिट्टी.

"कोणाचे पालक?" भोईर मॅडमनी विचारलं.

आम्ही कोणी काही बोलायच्या आत इशितानेच हात वर केला.

"बाहेर ये, बाळ."

मला त्या क्षणी माझ्या नवऱ्याचा जितका राग आला तितका आजवर कशाचाच आला नव्हता. तो मात्र मॅडमकडे निघाला होता. "सॉरी मॅडम, तोंडातून निघून गेलं. पण एक सांगतो, दॅट वॉज नेव्हर ऑफसाइड! आम्ही पण फुटबॉल फॉलो करतो."

इशिता त्याच्या समोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती.

"पप्पा, ऑफसाइड म्हणजे काय?"

"ते टेक्निकल असतं, इशू. रेफ्रीच्या जजमेंटवर असतं."

"म्हणजे काय पण?"

कौस्तुभने माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही. आजूबाजूचे पालक, गालात गोळ्या धरून, मोठ्या उत्सुकतेने त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याचा हात सवयीने खिशातल्या मोबाइलकडे गेला आणि तिथेच राहिला. इशिता जाऊन झेंडेवाल्या ताईंच्या जवळ रेषेबाहेर उन्हात बसली. उरलेला सामना तिने तिथूनच बघितला.

नावं वाचली त्यात सोनूचं होतं. इशिताचं नव्हतं. डबा बंद करता करता भोईर मॅडम तिच्याजवळ आल्या.

"शेवटी त्या मुलीला धरून उभी होतीस ना, ते बरोबर होतं. दिवाळीनंतर दुसरी चाचणी आहे. ये." मग आमच्याकडे एक नजर टाकून म्हणाल्या, "एकटी ये."

परतीच्या बसमध्ये कौस्तुभ म्हणाला, "ती बाई बायस्ड आहे. राईच्याच पोरी घेते."

"कौस्तुभ, तुझ्या पोरीचं नाव तू घालवलंस," मी म्हटलं. "त्या बाईने नाही, त्या झेंड्याने नाही. तू. आता घरी जाईपर्यंत एक शब्द बोलू नकोस." कंडक्टरनेही वळून बघितलं. बघू दे म्हटलं.

वाटलं, माणूस शरमेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर फुलांखाली शब्द आला: 'ऑफसाइड'. सोबत रंगीत बाण काढलेलं चित्र. अंगठ्यांचा पाऊस. जाळीबाहेरच्या एकाने तर लिहिलं, वा शिगवण साहेब, किती सोपं करून सांगता. इशिताने ते नाश्त्याला बसून वाचलं, मोबाइल पालथा ठेवला आणि पोहे खाल्ले. त्यानंतर ती टर्फवर गेली नाही. शनिवार-रविवार बसने राईला, सोनूबरोबर खेळायला जायला लागली. कौस्तुभ खुर्ची घेऊन एकदोनदा जाळीपाशी जाऊन बसला म्हणे, दुसऱ्यांच्या पोरांवर ओरडायला. तिथे कोणी त्याला विचारलं नाही.

दुसऱ्या चाचणीच्या सकाळी तो टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन दारात तयार.

"मी लांब उभा राहीन, इशू. रस्त्याच्या पलीकडे. दिसणार पण नाही."

इशिताने बुटांच्या नाड्या बांधल्या, उठली, खिशातून एक लिमलेटची गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. कोपऱ्यावरच्या दुकानातून आदल्या दिवशी आणून ठेवली असणार.

"मी येईपर्यंत."

"अगं, ही दहा मिनिटांत संपते."

"चावली तर."

ती जिना उतरून गेली. कौस्तुभ टोपी घालूनच बाल्कनीत आला, मी त्याच्या मागे. खाली ती गेटमधून बाहेर पडून रिक्षाकडे चालली होती, पाठीवर बॅग, बॅगेला लटकवलेला चेंडू. त्याने कठड्यावर दोन्ही हात टेकले, छातीत श्वास भरला आणि तोंड उघडलं. मी त्याची बाही धरायला हात पुढे केला होता. पण त्याने मूठ उघडून गोळी तोंडात टाकली आणि ओठ मिटले.

इशिता वर न बघता रिक्षात बसली.